चार अनाथांना मिळालेली नावे

‘फायनल फँटसी ३’ हा व्हिडिओ गेम १९९० साली जपानमध्ये फॅमिकॉम या निन्टेंडोच्या घरगुती गेम-यंत्रावर आला. जपानबाहेरच्या खेळाडूंना मात्र तो अधिकृतपणे मिळाला तो थेट २००६ साली, जेव्हा मॅट्रिक्स सॉफ्टवेअरने निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो त्रिमितीत नव्याने घडवला. मूळ खेळातील चार अनाथ मुलांना स्वतःची ओळख नव्हती. नव्या आवृत्तीत ती लुनेथ, आर्क, रेफिया आणि इंगस झाली, प्रत्येकाला वेगळे पूर्वायुष्य मिळाले, आणि माझ्या मते याच बदलामुळे हा पुनर्जन्म सार्थ ठरतो. कारण आर्कचा भित्रा स्वभाव किंवा रेफियाचे घरातून पळणे लक्षात राहिल्यावर त्यांना योद्धा, जादूगार वा चोर यांपैकी कोणता पेशा द्यावा, हा निर्णय केवळ आकड्यांचा उरत नाही.

नोबुओ उएमात्सू यांचे संगीतही येथे नव्याने बांधलेले असून ते छोट्या स्पीकरवरही मनाला भिडते. एकच गोष्ट मला आजही खुपते: खेळाच्या शेवटच्या टप्प्यातील स्फटिक मनोऱ्यातून बाहेर न पडता अंतिम लढाईपर्यंत खेळ कायमचा जतन करता येत नाही, आणि शेवटी हरल्यास कित्येक तासांची मेहनत वाया जाते.