आमची वाटचाल: लिहील तोच सांभाळील

रत्नागिरीतल्या आमच्या दुकानाच्या पाटीवर ‘वेबसाइट’ हा शब्द बराच नंतर आला. आधीचं काम निव्वळ युनिक्सचं, म्हणजे एका मशिनवर अनेकांना एकदम काम करू देणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचं. पतसंस्थेत एक ४८६ प्रोसेसरचं मशिन, त्यावर एससीओ कंपनीचं युनिक्स, आत आठ नाहीतर सोळा पोर्टांचं कार्ड आणि काउंटरवर हिरव्या अक्षरांची डंब टर्मिनलं (नुसता पडदा आणि कीबोर्ड). प्रत्येक टर्मिनलला तीनच तारा: डीबी-२५ कनेक्टरच्या २, ३ आणि ७ नंबरच्या पिना, त्यातल्या २ आणि ३ उलटसुलट जोडलेल्या. वेग सेकंदाला ९६०० बिट. पावसाळ्यात खाऱ्या हवेनं पिनांवर हिरवा थर चढला की अक्षरं गळायला लागत. औषध एवढंच, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश.

नेहमीची तक्रार मात्र ‘टर्मिनल गोठलं’ ही. बहुतेक वेळा कुणाचं तरी बोट कंट्रोल-एसवर पडलेलं असे. कंट्रोल-क्यू दाबा, सुटलं. घाईनं मशिन बंद-चालू केलं तर बाकीच्या काउंटरवरच्या अर्ध्या नोंदी गेल्याच म्हणून समजा. फ्लो कंट्रोलचा (मजकूर थांबवण्या-सोडण्याचा) हा नियम लिनक्समध्ये अजून तसाच आहे, त्यामुळे एसएसएचनं (दूरच्या मशिनवर काम करायच्या सोयीनं) क्लाउडवर बसलेला आजचा पोरगाही त्यात अडकतो आणि नेटला शिव्या घालतो.

कोकणात या धंद्याचं अर्धं दुखणं मशिनच्या बाहेर असतं. जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ नीट भरलं तरी एप्रिल-मेमध्ये तो सुकतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा सुरू होतात. मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज बघायचा. तीनच्या वर गेला तर आम्ही आधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो, मग पुढचं बोलतो. दोन इमारतींमध्ये नेटवर्क न्यायचं असेल तर तांब्याची केबल अजिबात नको. वीज जवळ पडली की दोन्हीकडच्या अर्थमधला फरक त्या केबलमधूनच धावतो आणि स्विचची पोर्टं जळून जातात. फायबर टाकलं की ही भानगडच राहत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं इंटरनेट खुलं केलं. त्यातल्या शेल अकाउंटमध्ये चित्रं नव्हती. फोन लागला की पलीकडे सरळ युनिक्सचा प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची ओळ), पानं बघायला लिंक्स आणि मेलला पाइन. त्यामुळे युनिक्सवाल्याला वेबकडे वळणं जड गेलं नाही. सुरुवातीचे प्रोग्रॅम पर्ल भाषेतले, सीजीआयवर (सर्व्हरनं प्रोग्रॅम चालवून पान बनवायच्या पद्धतीवर) चालणारे. विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहून चढवले की ५०० एरर (सर्व्हरच्या आतली चूक) ठरलेली. कारण नोटपॅड प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवतो. ते पहिल्या ओळीतल्या पर्लच्या पत्त्याला चिकटतं आणि युनिक्स त्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो. एफटीपीनं चढवताना टेक्स्ट मोड लावला की झालं. पण हे समजायला प्रोग्रॅमरनं एरर लॉग (सर्व्हरवरची चुकांची नोंद) उघडायला हवा, आणि तो तर म्हणे सर्व्हरवाल्याचं काम! ही वाटणी आम्ही आमच्याकडे कधी होऊ दिली नाही. साइट ज्यानं लिहिली, रात्रीचा फोनही त्यालाच.

मराठी मजकुरात हे पुन्हा पुन्हा पटलं. जुन्या फाँटांत ह्रस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीत दोन्हीची जागा उलट. नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल केली तर ‘किती’ आणि ‘वर्षा’ दोन्ही मोडतात. त्याहून वाईट म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसच्या लॅटिन-१ (रोमन अक्षरांच्या) कॉलममध्ये युटीएफ-८ पद्धतीनं साठवलेला युनिकोड मजकूर भरलेला असणं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर तिथे तीन बाइटचं, त्यातला पहिला बाइट कायम तोच. म्हणून पडद्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची रांग दिसते, मध्येमध्ये येनचं चिन्हसुद्धा! इथे कॉलमचा कॅरेक्टर सेट थेट बदलायचा नाही, नाहीतर तोच कचरा कायमचा पक्का होतो. आधी कॉलम ब्लॉब (अक्षरांचा अर्थ न लावता नुसते बाइट) करायचा, मग युटीएफ-८-एमबी-४. आणि हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ डेटाबेसला हात न लावता.

आंब्याच्या सीझनला वेगळीच परीक्षा. पाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला हापूसच्या साइटवर एकदम गर्दी होते आणि ‘डेटाबेस बंद पडला’ असा फोन येतो. डेटाबेस पडत नाही, पाडला जातो. अपाचे या वेब सर्व्हरच्या प्रीफोर्क पद्धतीत (एका वेळी एका गिऱ्हाइकाला एक प्रोसेस) एकाच वेळच्या प्रोसेसची मूळ मर्यादा २५६ असते. साइट लिहायच्या पीएचपी भाषेसकट एक प्रोसेस ५० एमबी खात असेल तर २ जीबीच्या सर्व्हरवर मेमरी कधीच संपते, मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) सगळ्यात जाडा गडी बघून मारतो, आणि तो असतो मायएसक्यूएल. हिशेब सोपा आहे: ६०० एमबी सिस्टीम आणि डेटाबेसला, उरलेल्या १४०० ला ५० नं भागा, २८ येतात, मर्यादा २५ ठेवा. गिऱ्हाईक दोन सेकंद थांबेल, पण पेटी बुक होईल. शेवटची पेटी दोघांना विकली जाऊ नये म्हणून शिल्लक आधी वाचून मग कमी करायची नाही. ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर’ अशी डेटाबेसला एकच क्वेरी (हुकूम) द्यायची आणि किती ओळी बदलल्या ते तपासायचं. शून्य आलं तर पेटी संपली.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, त्यानंतर बॅकअपची एक प्रत जिल्ह्याबाहेर हे आम्ही करारातच लिहितो. पण प्रत नुसती बाहेर असून भागत नाही. डेटाबेसचा डंप (सगळ्या मजकुराची प्रत) पाइपमधून जीझिपला (फाइल आवळून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला) दिला की शेल (हुकूम चालवणारा प्रोग्रॅम) फक्त जीझिप यशस्वी झालं का तेवढंच बघतं. पासवर्ड बदलल्यामुळे डंप पहिल्याच ओळीत मेला तरी क्रॉनला (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) सगळं आलबेल वाटतं, आणि महिनोनमहिने रोज एक फाइल तयार होत राहते, बरोब्बर २० बाइटची. रिकाम्या जीझिपचा आकार तेवढाच असतो. बॅश या शेलमध्ये पाइपफेल लावा, म्हणजे पाइपमधला आधीचा प्रोग्रॅम मेला तरी कळेल, आणि फाइल कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान झाली तर मेल येईल अशी सोय करा.

नवीन मुलं घेताना आम्ही डिग्री फारशी बघत नाही. डिप्लोमा असो की बीएस्सी आयटी, पहिला महिना फ्रेमवर्क नाही. डिस्क रिकामी दिसते तरी फाइल का बनत नाही (आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले, बहुधा पीएचपीच्या सेशन फाइलींनी), क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) तारखेचं टक्केचिन्ह टाकल्यावर ओळ अर्धवट का तुटते, सर्व्हर यूटीसीवर (आपल्याहून साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) असताना आपल्या रात्री दोनला आदल्या दिवशीचे साडेआठ कसे वाजलेले असतात, असल्या गोष्टी. तिसऱ्या महिन्यात हातात एक कोरं मशिन आणि कालचा बॅकअप द्यायचा, साइट उभी करून दाखव म्हणून. पहिल्या खेपेला बहुतेकांची साइट उभी राहते, मजकूर येतो, फोटो मात्र एकही नाही. डेटाबेस घेतलेला असतो, अपलोडचं फोल्डर राहिलेलं असतं.