पदराची उलटी बाजू

भाचीच्या लग्नासाठी मी एका संकेतस्थळावरून 'अस्सल हातमागाची येवला पैठणी' मागवली होती. छायाचित्रात पदरावरचे मोर देखणे दिसत होते. साडी घरी आल्यावर पदर उलटा केला, तर मोरांच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांचे झुबके लोंबत होते. आईने त्यावरून बोट फिरवले आणि एवढेच म्हणाली, "बांगडी अडकेल गं यात."

परंपरागत पैठणीत असे होत नाही. तिचा पदर वेगवेगळ्या रंगांचे धागे गुंडाळलेल्या छोट्या कांड्या हाताने फिरवून विणतात. नक्षीत जिथे रंग बदलतो, तिथे बाण्याचा (आडवा) धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून मागे वळवला जातो, त्यामुळे सुटे धागे उरतच नाहीत आणि मुनिया (पोपट) असो वा बांगडी मोर (वर्तुळातला मोर), दोन्ही बाजूंनी तितकाच रेखीव दिसतो. ओळीगणिक ताण्याचे (उभे) धागे मोजावे लागत असल्याने भरगच्च पदर विणण्यातच कित्येक आठवडे जातात. जकार्ड, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे आपोआप उचलणारे यंत्र, लावलेल्या हातमागावरही येवल्यात पैठण्या विणल्या जातात. त्यांच्या मागे धागे दिसतात, त्या स्वस्त असतात आणि त्यात लबाडी काहीच नाही. लबाडी आहे ती यंत्रमागावरच्या साडीला हातमागाची म्हणून विकण्यात.

हातमागाची अधिकृत खूण २००६ मध्ये आली, पैठणीला भौगोलिक निर्देशांक (विशिष्ट प्रदेशातल्या वस्तूची नोंदणीकृत ओळख) २०१० मध्ये मिळाला. तरीही मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही साड्या सारख्याच चमकतात आणि स्वस्त साडी आधी विकली जाते. विणकरांनी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून थेट विक्री सुरू केली, दलालीचा भार हलका झाला, हे चांगलेच आहे. मात्र वेग वाढवून दाखवलेल्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत आठ तासांत विणलेले चार बोटे कापड क्षणात पुढे सरकते, आणि ज्या वेळेचे पैसे मागायचे, नेमका तोच वेळ गिऱ्हाइकाच्या नजरेतून निसटतो. त्यापेक्षा प्रत्येक साडीसोबत तिच्या पदराची उलटी बाजू, विणण्याची पद्धत आणि ती मागावर किती दिवस होती एवढे तरी दाखवावे, असे मला वाटते. घरोघरच्या ट्रंकांत पडलेल्या जुन्या पैठण्यांचे पदर दोन्ही बाजूंनी टिपून, धागे मोजून त्यांच्या नक्षीचे आलेख साठवले, तर विरलेली साडी गेली तरी तिची नक्षी पुन्हा मागावर चढवता येईल. (आमच्या आजीची पैठणी तिच्या जरीतली चांदी विकण्यासाठी जाळली गेली, तिचे एक छायाचित्रही नाही.)

यंदा धाकट्या भाचीसाठी साडी घेताना येवल्याच्या एका विणकर ताईंना व्हिडिओ कॉल केला आणि संकोचतच म्हटले, "ताई, मागची बाजू दाखवता का?" त्या हसल्या, दुकानाच्या दारापर्यंत उजेडात आल्या आणि त्यांनी पदर उलटा धरला. मुनिया जशीच्या तशी होती, फक्त तिची चोच आता दुसऱ्या बाजूला होती.