आमची वाटचाल : पाचच्या नाण्यावर

भोसरीत गाळा भाड्यानं घेतला तेव्हा एक लेथ, दोन कामगार आणि मी. गावोगावच्या पाण्याच्या एटीएमचे कॉइन बॉक्स बनवायचे, एवढाच धंदा. पाचचं नाणं टाकलं की 20 लिटरचा जार भरला पाहिजे.

दिसायला सोपं. पण पाचचं जुनं जाडं नाणं 9 ग्रॅमचं, नंतरचं पिवळं 6 ग्रॅमचं, आणि व्यास दोघांचाही 23 मिलिमीटर. आमचा पहिला बॉक्स वजनावर पारख करायचा, त्यामुळे पिवळं नाणं खळ्ळकन खालच्या वाटीत परत. लातूरकडच्या एका गावातून फोन आला, "ओ साहेब, तुमचं मशीन खऱ्या नाण्याला खोटं म्हणायलंय!" सगळे बॉक्स परत आणले. त्या वर्षी नफा शून्य.

या नादाला मी लागलो तो ऑटोमॅटच्या, म्हणजे नाणं टाकून खाणं घ्यायच्या अमेरिकेतल्या खानावळीच्या, एका जुन्या फोटोमुळे. हॉर्न आणि हार्डार्ट या जोडीनं बर्लिनहून यंत्रं मागवून 9 जून 1902 रोजी फिलाडेल्फियात ते सुरू केलं. 1912 मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला. भिंतभर काचेच्या खिडक्या. खाचेत पाच सेंटचं नाणं, म्हणजे निकेल, टाकायचं, मूठ फिरवायची, दार उघडून 'पाय' नावाच्या भाजलेल्या पदार्थाची नाहीतर मॅकरोनी-चीजची बशी काढायची. वेटर नाही, टिप नाही. रिकामा कप्पा भिंतीमागून माणसंच भरायची, हे मला फार आवडतं. कॉफी डॉल्फिनच्या तोंडाच्या तोटीतून. गल्ल्यावरच्या बायका बोटांना रबरी टोप्या घालून बसायच्या. डॉलर दिला की न मोजता 20 निकेल पुढ्यात.

मग ते बुडालं कशानं? लोक बर्गरवाल्यांचं नाव घेतात. ऑफिसं आणि माणसं उपनगरांत गेली, हेही खरंच. पण मी पडलो नाण्यांचा माणूस. मला वाटतं, त्यांचा भाव खाचेत अडकला होता. न्यूयॉर्कात कॉफी 1912 पासून 1950 पर्यंत पाच सेंटच. महागाई वाढली तरी सहा-सात सेंट घेणार कसे? वाढवली ती एकदम दहावर. पुढे ऑटोमॅटच्या कितीतरी शाखांच्या जागी बर्गरची दुकानं झाली. शेवटचं ऑटोमॅट, 42व्या रस्त्यावरचं, 1991 मध्ये मिटलं.

आमच्यावरही तीच पाळी आली. वीजबिल वाढलं तशी एक ग्रामपंचायत म्हणाली, जार सात रुपये करा. सातचं नाणं कुठून आणू? शेवटी टायमर कमी करून पाचात 15 लिटर दिलं. गावानं आठवडाभर शिव्या घातल्या, त्या रास्तच होत्या.

आता बॉक्सवर क्यूआर असतो. सात काय, साडेसातही घेता येतात. गेल्या ऑर्डरीतली दहा मशीनं नुसत्या क्यूआरची गेली. दोन वस्त्यांना मात्र नाण्याची खाच हवी होती. तिथं मोबाईलला रेंज नाही.