तक्ता कसा वाचावा

कोषागारात देयके तपासण्यात तेहेतीस वर्षे घालवून वयाच्या ५८ व्या वर्षी मी सेवानिवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात प्रत्येकाने 'आता स्वतःसाठी जगा' असे सांगितले. तसे जगण्यात चार महिने बरे गेले. पुढे मात्र सकाळचे दहा वाजले की जीव कासावीस होऊ लागला, कारण त्या वेळी कोणीही, कुठेही माझी वाट पाहत नव्हते.

२०१९ साली ओळखीच्या एका प्राध्यापिकेकडून समजले की, दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक मिळणे अवघड जाते. अक्षर चांगले आणि वेळ भरपूर, म्हणून मी उत्साहाने गेले आणि माझी पदवीच आडवी आली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थ्याने स्वतः आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी कमी असावे लागे. त्यामुळे बी.ए.च्या मुलासाठी बारावी झालेली मुलगी चालणार होती, बी.कॉम. झालेली मी नाही. जन्मभर नियमावर बोट ठेवून इतरांची देयके परत पाठवलेल्या बाईला यावर रुसण्याचा अधिकार नव्हता. 'मग पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करून द्याल का?' असे प्राध्यापिकेने विचारले.

संगणकावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर मराठीही वाचतो, मग माझी गरज काय, असे मला वाटले होते. परंतु मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, असेल तरच ते साधते. कित्येक मराठी पुस्तके जुन्या फाँटमध्ये जुळवलेली असल्याने त्यांची फाईल मिळाली तरी तिच्यातून अर्थहीन अक्षरेच ऐकू येतात, आणि ग्रंथालयातल्या जुन्या छापील प्रतींची तर फाईलच नसते. अशी पुस्तके दृष्टिहीनांना वापरता येतील अशा स्वरूपात आणण्याची मुभा प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिली आहे. याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देशही आपलाच.

माझ्या वाट्याला अर्थशास्त्राचे पुस्तक आले. कार्यालयाच्या नाट्यस्पर्धेत दोनदा बक्षीस मिळवल्याच्या तोऱ्यात मी पहिले प्रकरण श्रुतिका असल्यासारखे वाचले. दुसऱ्या दिवशी, ज्या दृष्टिहीन मुलासाठी ते वाचले होते, त्याचा फोन आला. 'काकू, आवाज छान आहे, पण भाव नकोत. मी दुप्पट वेगाने ऐकतो. तुम्ही मध्येच थांबलात की मला वाटते, फाईल संपली.' नंतर जरा संकोचून तो म्हणाला, 'आणि तक्ता काहीच कळला नाही.'

तक्ता मी पानावर दिसतो तसा वाचला होता, म्हणजे आधी सगळी वर्षे आणि मग सगळे आकडे. कोणता आकडा कोणत्या वर्षाचा, हे ऐकणाऱ्याने कसे जुळवावे, याचा विचारच मनात आला नव्हता. आकड्यांतच आयुष्य गेलेले असल्यामुळे ही चूक मला फार लागली. आता मी आधी रकाने किती व ओळी किती ते सांगते, रकान्यांची शीर्षके वाचते आणि मग प्रत्येक आकड्याआधी त्याचे शीर्षक पुन्हा उच्चारते. आलेख असेल तर आडव्या व उभ्या अक्षावर काय आहे ते आधी येते. परकीय नाव एकदा सावकाश म्हणून त्याची इंग्रजी अक्षरे सांगते, कारण उत्तरपत्रिकेत ते लेखनिकाला सांगायचे असते. प्रत्येक पानाचा क्रमांकही बोलते. तासाभराच्या स्वच्छ ध्वनिमुद्रणाला माझे तीन तास जातात, त्यातला बराच वेळ कुकरच्या शिट्ट्या आणि खिडकीतले पारवे यांच्या नावे खर्ची पडतो.

मध्यंतरी एका मंडळाने शाल-नारळ देऊन 'अंधांच्या जीवनात प्रकाश आणणाऱ्या' असा माझा उल्लेख केला, तेव्हा फार अवघडल्यासारखे झाले. ज्याने मला तक्ता वाचायला शिकवले, तो मुलगा त्या सभागृहात नव्हता.

तो आता एम.ए. करतो आहे. परीक्षा तोंडावर आली असून शेवटचे प्रकरण त्याला रविवारपर्यंत हवे आहे. त्यात अकरा तक्ते आहेत आणि शेजारच्या इमारतीचे ड्रिलिंग सकाळी आठला सुरू होते, म्हणून या आठवड्यात मी पहाटे पाच वाजता वाचायला बसते.