अर्धशिशी, तीन गोळ्या आणि हरवलेला 'छेद'

सासूबाईंचा उपाय आधी केला. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी. आठ दिवस मजेत खाल्ली, अर्धशिशी होती तिथेच राहिली.

न्यूरोलॉजिस्टने पहिल्या भेटीत गोळी दिलीच नाही, वही ठेवायला सांगितली: डोकं दुखेल त्या दिवशी एक फुली. महिनाअखेरीस मोजलं तर 18 दिवस डोकं दुखलेलं आणि त्यातले 16 दिवस मी पेनकिलर घेतलेली. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साध्या पेनकिलर घेतल्या तर त्यांनीच डोकेदुखी वाढू शकते, हे ठाऊकच नव्हतं. त्या बंद केल्या. पहिले पंधरा दिवस कसे काढले ते विचारू नका, पण पुढच्या महिन्यात वहीत 10 फुल्या.

मग दुखणं येऊच नये म्हणून रोजची गोळी. प्रोप्रॅनोलॉल माझ्या दम्यामुळे आधीच बाद. म्हणून रात्री फ्लुनॅरिझिन, 10 मिलिग्रॅम. तीन महिन्यांत फुल्या 5 वर आल्या. वजन मात्र चार किलोंनी वाढलं आणि मी भाजी चिरता चिरता उगीच रडायला लागले. मला वाटलं, शाळेचा ताण. डॉक्टर म्हणाले, "हे औषधाचं असू शकतं," आणि गोळी थांबवली.

नंतर टोपिरामेट. ते सुरू करण्याआधी मुतखडा झालाय का, मूल होऊ द्यायचंय का, हे खोदून विचारलं. गरोदरपणात ते बाळाला घातक. 25 मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला वाढवत 100. बोटांना मुंग्या, सोडा पाण्यासारखा सपक. डोकं महिन्यात तीनदाच दुखलं! पण सहावीला अपूर्णांक शिकवताना फळ्यासमोर 'छेद' हा शब्दच आठवेना. "तो... खालचा आकडा," म्हणाले. पोरं हसली. मी घाबरले.

दरमहा घ्यायच्या सीजीआरपी इंजेक्शनचा (अर्धशिशीला कारण ठरणाऱ्या, शरीरातल्या सीजीआरपी या द्रव्याला अडवणारं) विषय निघाला, किंमत ऐकून तिथेच मिटला. शेवटी टोपिरामेट 50 वर आणलं आणि रात्री ॲमिट्रिप्टिलिन 10 जोडलं. "ही डिप्रेशनची गोळी ना?" केमिस्टने चारचौघांत विचारलं. अर्धशिशीलाही देतात, हे त्याला मीच सांगितलं.

तोंड कोरडं पडतं, पहिल्या तासाला पेंग असते. पाण्याची बाटली टेबलावरच ठेवते. गेल्या महिन्यात फुल्या 4, आणि 'छेद' पहिल्या झटक्यात आठवला.