दहा वाजून गेलेत, हळू बोला

माझ्या धाकट्या भावाला अपस्मार आहे. आमच्याकडं याला फिट येणं म्हणतात, आजी आकडी म्हणायची. तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, दोन वेळा गोळ्या घेतो आणि दर काही महिन्यांनी आम्ही दोघं बेंगळुरूला निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदूच्या आजारांच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, तपासणीला जातो. रात्री बेळगावात गाडीत बसायचं, सकाळी उतरून थेट होसूर रोड गाठायचा. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी चुकवू नको आणि झोपही चुकवू नको. मेंदूचा आलेख काढायचा असला की कधीकधी तेच आदल्या रात्री मुद्दाम जागायला सांगतात, कारण जागरण झालं की मेंदूतला दोष आलेखावर चटकन दिसतो. जे डॉक्टरांनी ठरवून, देखरेखीखाली करायचं, ते गेल्या वर्षी आमच्या डब्यातल्या अनोळखी माणसांनी करून टाकलं.

त्या रात्री समोरच्या बाकावर चार माणसं होती. जमिनीच्या व्यवहाराचं बोलणं चाललं होतं. एकाचा फोन स्पीकरवर, पलीकडचा माणूस ओरडतोय, इकडचे त्याच्यावर ओरडतायत. बोलणं कन्नडमध्ये होतं आणि मी गप्प बसले. खरं कारण सांगते. आमच्या भागात अनोळखी माणसाला काही सांगायचं तर आधी भाषेचा हिशोब मनात होतो. मी मराठीत बोलले आणि त्यांनी ते भाषेवर नेलं तर? रात्रीची वेळ, डबा भरलेला, सोबत आजारी भाऊ. पहाटे तीनपर्यंत बोलणं चाललं आणि तोवर भाऊ वरच्या बर्थवर कूस बदलत होता.

सकाळी रांगेत उभा असताना तो पडला. हातातली फाईल आधी खाली गेली, मग तो. मी त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी घातली आणि घड्याळ बघितलं. एका काकांनी चप्पल हुंगवायला पुढं केली, एका बाईंनी तोंडात चमचा घाला म्हटलं. दोन्ही नको म्हणून मी हात आडवा धरला. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, हातपाय दाबून धरायचे नसतात. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मात्र धावपळ करायची. त्याची अडीच मिनिटांत थांबली. शुद्धीवर आल्यावर तो पहिल्यांदा म्हणाला, "किती माणसांनी बघितलं गं?"

ते वाक्य घेऊन मी घरी आले. आणि ठरवलं की पुढच्या वेळी गप्प बसायचं नाही.

पण भावाची एक अट होती. "माझं आजारपण कुणाला सांगायचं नाही." त्याचं म्हणणं मला पटलं. आमच्या गावात फिट येणाऱ्या मुलाला कोण मुलगी देणार, कारखान्यात त्याला मशीनजवळ का जाऊ देत नाहीत, या गोष्टींची चर्चा त्यानं भरपूर ऐकलीय. तेव्हा "घरचं माणूस आजारी आहे, जरा हळू बोला" हे सोपं वाक्य मला वापरता येणार नव्हतं. मग माझ्याही लक्षात आलं की ते वापरायची गरजच का असावी? रात्री शांत झोप हवी म्हणून डब्यातल्या माणसानं आपलं दुखणं उघडं करून दाखवायचं, ही मागणीच चुकीची आहे.

मग मी नियम शोधले. स्लीपर डब्यात रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपायची वेळ ठरलेली आहे, मधला बर्थ त्याच वेळात उघडायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डानं आणखी स्पष्ट सूचना दिल्या, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. मोबाइलवर मोठ्यानं बोलायचं नाही, हेडफोनशिवाय गाणी लावायची नाहीत, दहानंतर रात्रीचा छोटा दिवा सोडून बाकी दिवे बंद, घोळक्यानं जाणाऱ्यांनी रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसायचं नाही. आणि हे पाळलं जातंय की नाही ते बघणं गाडीतल्या कर्मचाऱ्यांचं काम. १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम १४५ आहे. डब्यात उपद्रव करणाऱ्याला खाली उतरवता येतं, दंड आणि कैदही होऊ शकते. मला कुणाला कैद करवायची नव्हती. पण पाठीशी काहीतरी आहे, हे कळल्यावर मणका ताठ होतो.

पुढच्या खेपेची तयारी मी आठवडाभर आधी सुरू केली. दाराजवळचे बर्थ टाळले, कारण तिथं रात्रभर ये-जा असते. मेडिकलमधून कानात घालायचे फोमचे बोळे आणले. ते बोटांनी चुरगळून बारीक करायचे, कानात घालायचे आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. भावाला दोन रात्री घरीच सवय केली. तिकिटाचा पीएनआर, डब्याचा आणि बर्थचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला. आणि शेजारच्या अक्कांकडून एक वाक्य घोकून घेतलं : "अण्णा, स्वल्प मेल्लग मातनाडरी." म्हणजे, दादा, जरा हळू बोला. लहानपणापासून कन्नड कानावर आहे, बाजारापुरतं बोलतेही. पण भांडण न होता विनंती करायची तर वाक्य तोंडात बसलेलं हवं.

तिसरं रेल्वे गेट मागं पडलं तेव्हा आम्ही दशम्या आणि शेंगाची चटणी खाऊन घेतली. खानापूरला गाडीत घोळका चढला. सहा-सात जण, बेंगळुरूला लग्नाला निघालेले. भावानं गोळी घेतली, बोळे घातले आणि वरच्या बर्थवर गेला. लोंढा सुटलं तेव्हा दहा वाजून गेले होते. दिवे चालू, हसणं चालू, एकाच्या मोबाइलवर मागच्या लग्नाचा व्हिडिओ, त्यातला बँड पूर्ण आवाजात. बोळे असूनही भाऊ दोनदा उठून बसला.

मी उठले, जवळ गेले आणि घोकलेलं वाक्य म्हटलं. त्यातला एक जण माझ्याकडं बघून म्हणाला, "मराठीत बोला की ताई, आमी खानापूरचीच हाय."

इतके दिवस मी ज्या भीतीला धरून बसले होते, ती त्या एका वाक्यात सुटली. माणसं आमचीच होती. मी मराठीत सांगितलं, "दादा, दहा वाजून गेलेत. दिवा बंद करा आणि फोनचा आवाज बंद करा. झोपायची वेळ झालीय." जे म्हणायचं तेवढंच म्हटलं, कारण दिलं नाही.

एक बाई लगेच गप्प झाल्या. पण तोच दादा म्हणाला, "बारा म्हयन्यानं सगळी एकत्र आल्यात. झोपायचंय तर एसीनं जावा की वो." बाकीचे हसले. दिवा चालूच राहिला.

मी वाद वाढवला नाही. आपल्या जागेवर येऊन १३९ ला, रेल्वेच्या मदतीच्या नंबरला, फोन लावला. लोंढ्याच्या पुढं जंगलात रेंज येते-जाते, पहिला फोन मध्येच तुटला. अळणावर आल्यावर परत लावला. भाषा निवडली, तक्रारीचा पर्याय निवडला, पीएनआर दिला. पलीकडच्या माणसानं डबा आणि बर्थ विचारला आणि काय चाललंय ते. मी हळू आवाजात चार वाक्यांत सांगितलं. लगेच तक्रारीच्या नंबराचा मेसेज आला. तोंडानं बोलायची अडचण असेल तर रेल मदद ॲपवरूनही तक्रार करता येते. पण माझा हात थरथरत होता, मला बोलणंच बरं वाटलं.

मधली वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात कठीण गेली. आता हे सगळे आपल्याकडं कसे बघतील, सकाळपर्यंत यांच्याच समोर बसायचंय, असं सारखं मनात येत होतं. मी भावाच्या बर्थच्या कडेवर हात ठेवून उभी राहिले.

धारवाडच्या अलीकडं टीटीई, म्हणजे तिकीट तपासनीस, आले, सोबत रेल्वे सुरक्षा दलाचा एक जवान. टीटीईंनी आवाज चढवला नाही. आधी स्वतः हात वर करून दिवा बंद केला. मग अंधारातच म्हणाले, "दहानंतर मोठ्यानं बोलायचं नाही, हा नियम सगळ्यांना आहे. व्हिडिओ बघायचा तर हेडफोन लावा." कुणी तक्रार केली हे त्यांनी सांगितलं नाही. जवान दोन मिनिटं तिथंच उभा राहिला. बस्स, एवढंच झालं.

हुबळीला गाडी बराच वेळ थांबली. घोळक्यातल्या त्या बाई पाणी आणायला उठल्या, माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरं ऐकत नव्हती ताई, बरं केलासा." त्यांचे डोळे लाल होते. झोप त्यांनाही हवी होती, घरच्यांना सांगायची सोय नव्हती. त्यानंतर एकदा, एकच्या सुमाराला फोन वाजला. मी नुसता तळहात खाली दाबून दाखवला, तर त्या दादानं उशीखाली घालून बंद केला.

भाऊ तुमकूरपर्यंत झोपला. सकाळी रांगेत तो चार तास उभा होता आणि काही झालं नाही.

रेल्वेकडून अभिप्राय मागणारा मेसेज आला तेव्हा मी 'उत्तम' निवडलं. लोक असा अभिप्राय देत नाहीत. काम झालं की विसरतात आणि नाही झालं की शिव्या देतात. द्यायला हवा.

बसचंही सांगते, कारण खानापूर-बेळगाव रोज जाणाऱ्या पोरापोरींना तोच त्रास आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं सरकारी बसमध्ये मोबाइलवर मोठ्यानं गाणी, व्हिडिओ लावायला मनाई केली. सांगूनही ऐकलं नाही तर कंडक्टर प्रवाशाला खाली उतरवू शकतो. तेव्हा बसमध्ये आपण त्या माणसाशी झुंजायचं नाही, कंडक्टरला सांगायचं. परवा मी "अण्णा, सौंड कम्मी माडक हेळरी", म्हणजे आवाज कमी करायला सांगा, एवढं म्हटलं. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता मागं वळून एक हाक मारली आणि रील बंद झाली.

मागच्या महिन्यात पुन्हा बेंगळुरूहून परतत होतो. समोर एक वयस्क गृहस्थ, कानाला कमी ऐकू येत असावं, लेकीशी फोनवर फार मोठ्यानं बोलत होते. मी उठणार तेवढ्यात भावानं वरून पाय खाली सोडले. त्यांच्या शेजारी जाऊन बसला, त्यांच्या कानाजवळ वाकला आणि म्हणाला, "मामा, दहा वाजले. उद्या सकाळी बोला की." त्यांनी लेकीला तसंच सांगितलं आणि फोन खिशात ठेवला. भाऊ वर गेला, खिशातून बोळे काढले आणि एकेक चुरगळून कानात घालू लागला.