गाडीचा विमा: कायद्याला लागतो तो आणि कोल्हापुरात लागतो तो

"गाडीला नेमका कुठला इन्शुरन्स सक्तीचा आहे, आणि एवढे पैसे कशाचे घेतात?" पॉलिसी संपत आली की हा प्रश्न कोल्हापुरात हमखास निघतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्यानं गाडीला सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा विमा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ मध्ये तसं स्पष्ट आहे, आणि हा कायदा देशभर एकच. कागल ओलांडून निपाणी-बेळगावला गेलात तरी तीच पॉलिसी चालते. राज्यागणिक बदलतो तो रोड टॅक्स. विमा नसताना पहिल्यांदा सापडलात तर २,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे. पण खरी भीती दंडाची नाही. तुमच्या गाडीनं कुणी दगावलं तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई मालकाच्या गळ्यात पडते, आणि त्या रकमेला वरची मर्यादा नाही. विमा असला की जीवितहानी आणि जखमांसाठी ती पूर्ण रक्कम कंपनी भरते; समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र साडेसात लाखांपर्यंतच.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे इथं एजंटाशी घासाघीस करून उपयोग नाही. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खासगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. वर १८ टक्के जीएसटी. इलेक्ट्रिक गाडीला १५ टक्के सवलत. नवी कार घेताना तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम भरावी लागते, आणि गोंधळ इथंच होतो. "तीन वर्षांचा विमा आहे" म्हणून माणूस निर्धास्त राहतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर बहुधा पहिल्याच वर्षी संपलेलं असतं. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात, दोन्ही बघा.

मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही सक्तीचा आहे. तो एकदा एका गाडीवर घेतला असेल तर दुसऱ्या गाडीवर पुन्हा घ्यायची गरज नाही. गाडी आईच्या किंवा बायकोच्या नावावर असेल आणि तिच्याकडे लायसन्स नसेल, तर हा हप्ता आकारूच नये.

आता ज्याला सगळे फुल्ल इन्शुरन्स म्हणतात, म्हणजे थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं कव्हर एकत्र, त्याचा हिशेब. तीन वर्षं होऊन चौथं लागलेली १,१९७ सीसीची पेट्रोल गाडी धरा, नवी असताना किंमत सात लाख. चौथ्या वर्षी घसारा ४० टक्के, म्हणजे आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ४,२०,०००. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर हीच रक्कम हिशेबाला धरतात. दरासाठी शहरांचे झोन पाडलेत: पुणे-मुंबई झोन ए मध्ये, कोल्हापूर झोन बी मध्ये. आपल्या झोनचा मूळ दर ३.१९१ टक्के, म्हणजे १३,४०२ रुपये. कंपनीनं यावर निम्मी सूट दिली तर ६,७०१. तीन वर्षं क्लेम नसल्याचा एनसीबी (नो क्लेम बोनस) ३५ टक्के वजा केला की ४,३५६. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ आणि जीएसटी मिळवला की साधारण ९,१७० रुपये. ॲड-ऑन (जादा पैसे देऊन घ्यायची पूरक कव्हरं) आणि मालकाचा अपघात विमा वेगळा.

याच गाडीचं दुसरं कोटेशन साडेआठ हजारांच्या आत आलं तर आधी आयडीव्ही बघा. साडेतीन लाखांवर आणली असेल तर हप्ता जेमतेम साडेआठशेनं कमी होतो आणि गाडी गेली तर सत्तर हजारांचा फटका बसतो. असली स्वस्ताई घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

झिरो डेप, म्हणजे बदललेल्या भागांचा घसारा न कापणारं ॲड-ऑन, हवंच का, हा पुढचा प्रश्न. ते नसेल तर बंपरसारख्या प्लॅस्टिक भागांचे आणि टायर-बॅटरीचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात. काचेला मात्र कपात नसते. पाच वर्षांच्या आतल्या गाडीला घ्याच. पण कोल्हापुरात एकच ॲड-ऑन परवडत असेल तर मी इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून बिघडलेल्या इंजिनाचं कव्हर, आधी सांगेन.

२०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै शहरानं बघितलाय. शाहूपुरी, सुतारवाडा, दसरा चौकाच्या बाजूला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पुराचं नुकसान साध्या फुल्ल पॉलिसीत येतं: सीट, वायरिंग, आतली सफाई. अडकतं ते इंजिन. पाण्यात बुडालेली गाडी कुणीतरी "सुरू होते का बघू" म्हणून चावी फिरवतो. एअर फिल्टरमधून आत गेलेलं पाणी पिस्टनला दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. हे नुकसान पुराचं नाही, गाडी सुरू केल्याचं, असं म्हणून कंपनी क्लेम नाकारते. इंजिन प्रोटेक्ट असलं तरी वारंवार स्टार्टर मारल्याचं दिसलं तर वाद होतो.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी गाठायच्या आतच गाडी उंचावर न्या. ४३ फूट ही धोका पातळी, तिची वाट बघू नका. गाडी बुडालीच तर चावी लावायची नाही. पाणी कुठवर चढलंय ते नंबर प्लेटसकट फोटोत घ्या, कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या, पाणी उतरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टोइंगनंच गॅरेजला न्या. डिपस्टिकवरचं (इंजिन ऑईल मोजायच्या पट्टीवरचं) ऑईल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काही खोलू देऊ नका. इंजिन प्रोटेक्ट सहसा पॉलिसीच्या मधेच जोडून मिळत नाही, नूतनीकरणालाच घ्यावं लागतं.

नाकारले जाणारे बाकीचे क्लेम ठरलेले असतात. खासगी पासिंगची गाडी वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) लावली, किंवा भाडं घेऊन पंढरपूरला पाठवली, की स्वतःच्या गाडीची भरपाई विसरा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर, दोन्हीकडे नोंद हवी. आणि नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडीत बसलेल्या पाहुण्यांची भरपाईही त्यात सहसा धरली जात नाही. फुल्लमध्ये धरली जाते. जुन्या गाडीला "थर्ड पार्टी पुरे" म्हणताना एवढं ध्यानात ठेवा.

जुनी गाडी घेताना व्यवहार झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, गाडीचं कव्हर येत नाही. आधीच्या मालकाचा एनसीबीही येत नाही, तो माणसाचा असतो. म्हणून गाडी विकताना तुम्हीही आपल्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, नव्या गाडीला लावता येतं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो शून्यावर येतो. त्याआधीही खंड पडला असेल तर फुल्ल पॉलिसीसाठी कंपनी गाडीची तपासणी मागते. ती तपासणी होऊन नवी पॉलिसी सुरू होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.